टॉलस्टॉयचे ‘पुनरुत्थान’ आणि झारशाहीचा न्याय

लिओ टॉलस्टॉय यांच्या तीन मोठ्या कादंबऱ्यांपैकी ‘युद्ध आणि शांती’ व ‘ॲना कॅरेनिना’ यांची जेवढी वाखाणणी होते, तेवढी ‘पुनरुत्थान’ या तिसरीची होत नाही. उतारवयात लिहिलेली, उपदेशाच्या भाराने वाकलेली कादंबरी, असा तिच्याविषयी समीक्षकांचा सर्वसाधारण अभिप्राय असतो. श्रद्धाळू ख्रिस्ती वाचक तर तिच्यातील एका प्रकरणापाशी अडखळतो आणि पुस्तक मिटून ठेवतो. हे दोन्ही आक्षेप निराधार नाहीत. तथापि, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियाच्या सम्राटांनी प्रजेला सुधारणा दिल्या आणि एकेक करून काढून घेतल्या, तो सारा व्यवहार एका सामान्य स्त्रीच्या आयुष्यावर कसा उतरला याचे इतके बारकाईचे चित्र अन्यत्र क्वचितच आढळेल. प्रस्तुत लेखात कादंबरीचे हे अंग तपासावयाचे आहे. लेखकाच्या निष्कर्षाशी कोठे सहमत व्हावे आणि कोठे होऊ नये, याचाही विचार करावयाचा आहे.

कादंबरीचे बीज खऱ्या घटनेत आहे. १८८७ साली अनातोली कोनी या विख्यात कायदेपंडिताने टॉलस्टॉय यांना एक हकीकत सांगितली. एक तरुण ज्युरीवर बसला असता आरोपीच्या पिंजऱ्यातील वेश्या ही आपणच पूर्वी नासवलेली मुलगी आहे हे त्याने ओळखले आणि तिच्याशी लग्न करण्याची तयारी दर्शविली. टॉलस्टॉय यांच्या मनात हा विषय दहा-बारा वर्षे मुरत राहिला. १८९९ साली कादंबरी पुरी झाली तेव्हा त्या तरुणाचा प्रिन्स द्मित्री नेखल्युदोव झाला होता आणि मुलीची कात्युशा मास्लोव्हा. नेखल्युदोवच्या आत्यांच्या घरी अर्धी मोलकरीण, अर्धी मानसकन्या म्हणून वाढलेली कात्युशा त्याच्या वासनेला बळी पडते. तो तिच्या हाती शंभर रुबल कोंबून निघून जातो. तिला दिवस जातात, घर सुटते, मूल अनाथालयात मरते, आणि पायरीपायरीने उतरत ती वेश्यागृहात पोहोचते. एका व्यापाऱ्यावर विषप्रयोग करून त्याला लुबाडल्याच्या आरोपावरून ती न्यायालयात उभी राहते. वस्तुतः खाणावळीतील नोकरांनी दिलेली पूड झोपेची आहे, असे समजून तिने ती पाजलेली असते. ज्युरीत नेखल्युदोव बसलेला आहे.

हे न्यायालय कोणते, हे ध्यानात घेतल्याशिवाय कादंबरीचा अर्थ लागत नाही. क्रिमियाच्या युद्धात पराभव झाल्यावर दुसऱ्या अलेक्झांडर झारने राज्ययंत्राची दुरुस्ती हाती घेतली. १८६१ साली जमीनदारांच्या ताब्यातील दोन कोटींहून अधिक भूदास मुक्त झाले. १८६४ साली ‘झेम्स्त्वो’ नावाची स्थानिक लोकमंडळे स्थापन झाली, आणि त्याच वर्षी न्यायव्यवस्था मुळापासून बदलली. उघड्यावर चालणारा खटला, आरोपीचा वकील, सहजासहजी बडतर्फ करता न येणारे न्यायाधीश आणि सामान्य नागरिकांची ज्युरी या चार गोष्टी रशियाला प्रथमच लाभल्या. तोवर लेखी कागदांवर, बंद दाराआड आणि बहुधा लाचेच्या तालावर निवाडा होत असे. म्हणून इतिहासकार या न्यायसुधारणेला त्या काळातील सर्वांत परिपूर्ण सुधारणा मानतात. कात्युशाचा खटला चालतो तो या सुधारलेल्या न्यायालयात. जुलमी दरबारात अन्याय झाला असता तर त्यात नवल नव्हते; टॉलस्टॉय यांनी अन्याय घडविला आहे तो झारशाहीच्या सर्वांत चांगल्या संस्थेत.

तो कसा घडतो, हे पाहण्यासारखे आहे. न्यायालयात कोणीही दुष्ट नाही. मुख्य न्यायाधीशाला संध्याकाळी सहाच्या आत एका स्त्रीला भेटावयाचे आहे, म्हणून त्याला काम उरकण्याची घाई. दुसऱ्या न्यायाधीशाचे सकाळी बायकोशी भांडण झालेले. घरी जेवण मिळेल की नाही, ही त्याची विवंचना. तिसऱ्याचे पोट बिघडलेले. नवा औषधोपचार लागू पडेल की नाही याचा कौल तो आपल्या पावलांना तीनने भाग जातो का, हे मोजून लावतो. सरकारी वकिलाने रात्र चैनीत घालविल्यामुळे खटल्याचे कागद वाचलेले नाहीत. ज्युरीतील मंडळी तर बहुतेक भली आहेत. त्यांना कात्युशाची कीव येते आणि चोरीच्या आरोपातून ती तिला मोकळीही करतात. मात्र ‘जीव घेण्याचा हेतू नसताना’ एवढे शब्द उत्तरात लिहावयाचे राहून जातात. असे शब्द जोडता येतात, हे मुख्य न्यायाधीश एरव्ही प्रत्येक ज्युरीला समजावून सांगतो. त्या दिवशी घाईत तेवढेच सांगावयाचे विसरतो. परिणाम, चार वर्षे सैबेरियात सक्तमजुरी.

येथवरचा भाग पुष्कळांना आठवतो. त्यानंतरच्या एका बारीक प्रसंगाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. मला तो साऱ्या कादंबरीची किल्ली वाटतो. निकाल हाती येताच त्यातील विसंगती न्यायाधीशांच्या लक्षात येते. ज्युरीने निरपराध्याला दोषी ठरविले असे न्यायाधीशांचे मत झाल्यास निकाल रद्द करण्याची सोय फौजदारी कार्यपद्धतीच्या ८१८ व्या कलमात आहे. मुख्य न्यायाधीश ते कलम लावण्यास तयार आहे. पोटदुखीने बेजार झालेला न्यायाधीशही आपल्या अंगच्या भलेपणाने होकार देतो. तिसरा मात्र नकार देतो. ज्युरी गुन्हेगारांना सोडून देतात अशी वर्तमानपत्रांची ओरड आधीच चालू आहे. आता न्यायाधीशांनीही सोडले तर लोक काय म्हणतील, हे त्याचे कारण. झाले. दार होते, त्याची किल्लीही होती, दोघांचा हात कडीवर होता. तिसऱ्याच्या भयाने ते बंद राहिले.

हे भय त्या न्यायाधीशाचे एकट्याचे नव्हते. ज्या कोनींनी टॉलस्टॉय यांना कथाबीज दिले, त्यांच्याच न्यायासनासमोर १८७८ साली व्हेरा झासुलिच हिचा खटला चालला होता. एका राजकीय कैद्याला फटके मारण्याचा हुकूम देणाऱ्या सेंट पीटर्सबर्गच्या त्रेपोव या राज्यपालावर तिने गोळी झाडली होती. गोळी झाडल्याचे ती नाकारीत नव्हती. तरीही ज्युरीने तिला निर्दोष सोडले. या खटल्यावरून कोनींवर पुष्कळ दडपण आले, पण ते नमले नाहीत. त्याचा मोबदला म्हणून पुढे त्यांना दीर्घकाळ सरकारची नाराजी सोसावी लागली. राजकीय हिंसेचे खटले शासनाने त्याच वर्षी ज्युरीच्या कक्षेतून काढून घेतले. म्हणजे सुधारणेने दिलेली संस्था आपल्या विवेकाने वागू लागताच देणाऱ्याने हात आखडता घेतला.

टॉलस्टॉय यांचा निष्कर्ष असा की, माणसाने माणसाचा न्याय करणे हेच पाप आहे; न्यायालय सुधारलेले असो वा न सुधारलेले, ते मोडले पाहिजे. येथे त्यांच्याशी सहमत होणे कठीण वाटते. त्यांच्या कादंबरीतील पुरावाच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. अपील सिनेटपुढे जाते तेव्हा नेखल्युदोवचा जुना मित्र सेलेनिन सरकारचा अधिकारी असूनही निकाल रद्द करावा म्हणून कळकळीने बोलतो. अपील फेटाळले जाते ते एका सिनेटरच्या तिरस्कारामुळे. एखादा प्रिन्स पापाचे प्रायश्चित्त म्हणून वेश्येशी लग्न करू पाहतो, ही कल्पनाच त्या डार्विनभक्ताला किळसवाणी वाटते. प्रत्येक पायरीवर न्याय शक्य होता, आणि प्रत्येक पायरीवर तो कोणा एका माणसाने नाकारला. कोनी यांच्यासारखा माणूस त्या खुर्चीवर बसला असता तर कात्युशा सुटली असती. कादंबरीकार टॉलस्टॉय यांना हे दिसले. उपदेशक टॉलस्टॉय यांनी त्याकडे पाठ फिरविली.

सम्राटांनी मात्र वेगळ्या कारणासाठी न्यायालयाकडे पाठ फिरविली होती. १ मार्च १८८१ रोजी दुसऱ्या अलेक्झांडरचा बॉम्बने खून झाला. लोकप्रतिनिधींचा सल्ला घेण्याच्या एका मर्यादित योजनेला त्याच दिवशी सकाळी त्याने संमती दिली होती. तिसऱ्या अलेक्झांडरने ती बाजूला सारली आणि निरंकुश सत्ता अढळ राहील असा जाहीरनामा काढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसुरक्षेचा कायदा आला. त्यान्वये कोणत्याही खटल्याविना माणसाला पाच वर्षांपर्यंत हद्दपार करता येत असे. कायदा तीन वर्षांपुरता तात्पुरता म्हणून काढला होता; मुदत वाढवीत वाढवीत तो १९१७ पर्यंत टिकला. १८८९ मध्ये खेड्यांतील बहुतेक निवडलेले न्यायाधीश जाऊन त्यांच्या जागी उमरावांतून नेमलेले अधिकारी आले. १८९० मध्ये झेम्स्त्वोंमधील शेतकऱ्यांचा आवाज क्षीण करण्यात आला.

कादंबरीच्या तिसऱ्या भागात सैबेरियाच्या वाटेवर भेटणारे राजकीय कैदी या कायद्यांच्या छायेतून आलेले आहेत. त्यांतला क्षयाने खंगलेला क्रिल्त्सोव आपली कहाणी सांगतो. तो मुळात क्रांतिकारक नव्हता. मित्रांना पैशाची मदत केल्यामुळे तुरुंगात गेला. तेथे शेजारच्या कोठडीतील लोझिन्स्की आणि रोझोव्स्की या दोन तरुणांना फाशीसाठी नेताना त्याने पाहिले आणि त्या पहाटेपासून तो बदलला. ही नावे कल्पित नव्हेत. या दोघांना १८८० साली कीव येथे खरोखरीच फाशी दिले होते. दडपशाही आपले शत्रू स्वतःच कसे घडविते, हे टॉलस्टॉय यांनी येथे एकाही उपदेशाच्या शब्दाशिवाय दाखविले आहे. हिंसेचे समर्थन ते करीत नाहीत. नोवोद्वोरोव हा सत्तालोलुप क्रांतिकारक रंगविताना त्यांची लेखणी तितकीच कठोर होते. उद्या हा सत्तेवर आला तर काय होईल, याची चुणूक वाचकाला मिळते.

जमिनीचा प्रश्नही कादंबरीत असाच येतो. १८६१ च्या कायद्याने भूदास मुक्त झाला, पण जमीन त्याला फुकट मिळाली नाही. सरकारने जमीनदारांना भरपाई आगाऊ दिली आणि ती शेतकऱ्यांकडून ४९ वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करण्याचे ठरविले. पुष्कळ ठिकाणी पूर्वी कसत असलेल्या जमिनीचा तुकडाही कापला गेला. हप्त्यांची जबाबदारी साऱ्या गावाची, त्यामुळे गाव सोडून जाणेही अवघड. १९०५ च्या उठावानंतरच उरलेले हप्ते माफ झाले. नेखल्युदोव आपली जमीन शेतकऱ्यांना देऊ लागतो तेव्हा ते संशयाने पाहतात. यात मालकाचा काही डाव असावा, असे त्यांना वाटते. त्यांचा अविश्वास मूर्खपणाचा नाही. वरून आलेल्या देणगीची किंमत पुढे आपल्यालाच मोजावी लागते, हे त्यांनी एका पिढीत शिकून घेतले होते.

आता श्रद्धाळू वाचकाला बोचणाऱ्या प्रकरणाकडे वळू. तुरुंगातील प्रार्थनाविधीचे वर्णन टॉलस्टॉय यांनी जाणूनबुजून परक्या नजरेने केले आहे. भाकर, द्राक्षारस, वस्त्रे, हावभाव यांचे ते असे वर्णन करतात, की त्या विधीमागील श्रद्धा वाचकाला दिसूच नये. पवित्र मिस्साबलीत ख्रिस्ताची उपस्थिती मानणाऱ्यांना हे वाचताना दुःख होते आणि ते व्हावे हे योग्यच आहे. साहित्यदृष्ट्याही हे प्रकरण दुबळे आहे. ज्या लेखकाने पूर्वार्धात ईस्टरच्या मध्यरात्रीची उपासना, कात्युशाचा उजळलेला चेहरा आणि भिकाऱ्याला दिलेले तिचे चुंबन इतक्या प्रेमाने रंगविले, त्याच लेखकाने येथे सहानुभूतीचे दार लावून घेतले आहे. विधी तोच, वेदी तीच; बदलली आहे ती लेखकाची नजर.

तरीही पुस्तक तेथे मिटू नये. त्या प्रकरणातील एक गोष्ट खोटी नाही, ती म्हणजे बेड्यांचा आवाज. प्रभू येशूच्या नावाने विधी चालू आहे आणि उपासकांच्या पायांतील साखळ्या खळखळत आहेत. त्या साखळ्यांविरुद्ध धर्मपीठावरून शब्द का उमटत नाही, याचे उत्तर टोपोरोव या पात्रात मिळते. पीटर द ग्रेट झारने १७२१ मध्ये कुलगुरूचे पद रद्द करून रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा ‘पवित्र सिनोद’ नावाच्या मंडळाच्या हाती सोपविली. त्यावर देखरेख करणारा अधिकारी हा धर्मगुरू नसून झारचा नोकर असे. १८८० ते १९०५ अशी पंचवीस वर्षे हे पद कॉन्स्तन्तिन पोबेदोनोस्त्सेव यांच्याकडे होते, आणि टोपोरोव हे त्यांचेच चित्र मानले जाते. त्याच्या नावात रशियन भाषेतील कुऱ्हाड दडलेली आहे. शुभवर्तमान एकत्र बसून वाचतात एवढ्या कारणास्तव काही शेतकऱ्यांना त्यांच्या बायकामुलांपासून तोडून हद्दपार केलेले असते. नेखल्युदोव ही तक्रार घेऊन येतो, तेव्हा प्रकरण झारच्या कानी जाईल या भीतीने टोपोरोव तत्काळ सुटकेचा कागद लिहून देतो. त्याची स्वतःची श्रद्धा कशावरच नाही. कोंबड्यांना सडके मांस आवडते म्हणून पाळणारा ते घालतो, तसा धर्म लोकांना घालावा, असे तो मानतो.

या कुऱ्हाडीचे घाव आपल्या कॅथलिक बांधवांनीही सोसले आहेत. १८६३ च्या पोलिश उठावानंतर कित्येक कॅथलिक धर्मगुरू सैबेरियात धाडले गेले. रोमशी ऐक्य राखणाऱ्या पौर्वात्य विधीच्या भाविकांना बळाने ऑर्थोडॉक्स करण्याची मोहीम चालली. जानेवारी १८७४ मध्ये प्रातुलिन गावी आपल्या चर्चच्या रक्षणासाठी निःशस्त्र उभ्या राहिलेल्या तेरा जणांना सैनिकांनी गोळ्या घातल्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली त्यांना धन्य घोषित केले. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, त्यांचा धर्मप्रांत ऑर्थोडॉक्स व्यवस्थेत विलीन करण्यात आला. म्हणून टॉलस्टॉय यांच्या उपहासापासून आपण दूर राहावे, परंतु त्यांच्या आरोपापासून नव्हे. साक्रामेंत खोटी आहेत, हा त्यांचा निष्कर्ष चुकीचा. पण राजसत्तेची दासी बनलेली ख्रिस्तसभा कैद्याच्या बाजूने बोलू शकत नाही, हे त्यांचे निरीक्षण अचूक आहे.

राज्यसत्तेने याचे उत्तर आपल्या रीतीने दिले. ‘नीवा’ साप्ताहिकात १८९९ मध्ये कादंबरी क्रमशः आली तेव्हा परिनिरीक्षकांनी तुरुंगातील उपासनेची प्रकरणे जवळजवळ पूर्ण कापली. अखंड पाठ इंग्लंडमध्ये छापावा लागला. टॉलस्टॉय यांनी नव्या लेखनावरील हक्क पूर्वीच सोडला होता. या कादंबरीपुरता त्यांनी अपवाद केला. मिळालेला पैसा लष्करी सेवा नाकारणाऱ्या दुखोबोर पंथीयांच्या स्थलांतरासाठी दिला गेला. १८९८-९९ मध्ये सुमारे साडेसात हजार दुखोबोर कॅनडाला पोहोचले. १९०१ साली सिनोदने टॉलस्टॉय यांना ख्रिस्तसभेबाहेरचे ठरविले. एखाद्या कादंबरीने इतक्या माणसांना समुद्रापार सुखरूप जाण्यास हातभार लावला, असे साहित्याच्या इतिहासात फारसे घडलेले नाही.

कलाकृती म्हणून कादंबरीत दोष आहेत. आंतोन चेखव यांनी १९०० साली एका पत्रात म्हटले होते की, नेखल्युदोव आणि कात्युशा यांचे नाते हा कादंबरीतील सर्वांत कमी रंजक भाग असून राजपुत्र, सेनापती, म्हाताऱ्या बायका, शेतकरी आणि कैदी यांच्यातच तिचा खरा रस आहे; शेवटी सारा प्रश्न शुभवर्तमानाच्या वचनांवर सोपविणे त्यांना मनमानी वाटले. शेवटाविषयीचे त्यांचे मत मान्य करावेसे वाटते. मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन नेखल्युदोव वाचतो आणि त्याला सारे उमगते. पण ते त्याच्या जगण्यात उतरलेले आपल्याला दिसत नाही. कात्युशाविषयी मात्र चेखव यांचा अभिप्राय पटत नाही. तिच्यातच या कादंबरीचा खरा निवाडा आहे.

नेखल्युदोव तुरुंगात तिला भेटून लग्नाची तयारी दर्शवितो तेव्हा ती त्याच्यावर संतापते. या लोकी आपल्या देहाने त्याने सुख घेतले आणि आता परलोकी तरण्यासाठीही त्याला आपणच हवे आहोत, असे ती त्याला तोंडावर सुनावते. साऱ्या वरून येणाऱ्या सुधारणांवर याहून मार्मिक टीका मला माहीत नाही. भूदासपद्धती खालून मोडली जाण्याची वाट पाहण्यापेक्षा ती वरून मोडणे बरे, असे दुसऱ्या अलेक्झांडरने १८५६ मध्ये मॉस्कोच्या उमरावांना सांगितले होते. देणाऱ्याच्या मनात घेणाऱ्याच्या हक्कापेक्षा स्वतःची सुरक्षितता मोठी होती. म्हणूनच ती सुरक्षितता धोक्यात येताच दिलेले परत घेणे त्याच्या वारसांना सोपे गेले. १९०५ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या निकोलसनेही नागरी हक्क आणि निवडलेली दूमा दिली. पुढच्या वर्षी लष्करी शीघ्र न्यायालये आली. काही महिन्यांत त्यांनी हजाराहून अधिक लोकांना मृत्युदंड दिला. जून १९०७ मध्ये दुसरी दूमा विसर्जित करून मतदानाचा कायदाच बदलण्यात आला. ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या टॉलस्टॉय यांनी १९०८ मध्ये या फाशींविरुद्ध पुन्हा लेखणी उचलली.

कादंबरीतील एक प्रसंग सांगून हा लेख आटोपता घेतो. जुलैच्या कडक उन्हात कैद्यांचा तांडा मॉस्कोच्या रस्त्यांतून रेल्वे स्थानकाकडे चालविला जातो आणि पाच जण उष्माघाताने मरतात. त्यांना कोणी मारले? हुकूम देणाऱ्याने हुकूम दिला, डॉक्टरने तपासणी केली, अधिकाऱ्याने नियत संख्या मोजून ताब्यात घेतली. प्रत्येकाचा कागद बिनचूक आहे आणि पाच माणसे मेलेली आहेत. आपल्या पदाकडे पाहता पाहता समोरच्या माणसाकडे पाहण्याचे राहून जाते, आणि प्रेमावाचून माणसांशी वागता येते असा समज होतो, तेथे हे घडते, असे नेखल्युदोवला उमगते. त्यावर पद सोडून देणे हा टॉलस्टॉय यांचा उपाय. आपल्यापैकी पुष्कळांना कचेरीत, शाळेत, दवाखान्यात वा न्यायालयात पद सांभाळूनच जगावयाचे आहे. त्यांच्यासाठी या कादंबरीत दुसरा धडा आहे: ८१८ वे कलम प्रत्येक टेबलावर कोठे ना कोठे असते, आणि ते वापरावयाचे की लोक काय म्हणतील याचा विचार करावयाचा, हे त्या टेबलाशी बसलेल्यालाच ठरवावे लागते.

अखेर कात्युशाची शिक्षा सौम्य होते. सक्तमजुरीऐवजी सैबेरियातच वस्ती. ती नेखल्युदोवला नाकारते आणि सिमोन्सन या कैद्याबरोबर जाण्याचे ठरविते. ती कशी होती याचा विचार न करता, ती आहे तशी तो तिला मानतो. नेखल्युदोववर तिचे प्रेम आहे आणि त्यालाच मोकळे करण्यासाठी ती नकार देते, हे वाचकाला कळते. देणाऱ्यांच्या त्या देशात शेवटी खरे दान एका कैदी स्त्रीने दिले. कादंबरीच्या नावातील पुनरुत्थान मला तेथे घडलेले दिसते.